नवा, नुएवो, नुऑवो : एका विशेषणाच्या आधाराने पाच भाषांत पहिले पाऊल

फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज किंवा रुमानियन यांपैकी एखादी भाषा शिकायला घेणाऱ्या मराठी माणसाला मी नेहमी असे सुचवतो, की पहिल्या पंधरवड्यात शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याऐवजी एक विशेषण मुळापासून शिकावे आणि त्याची सगळी रूपे, त्याची वाक्यातली जागा व त्याच्या लकबी अंगवळणी पाडाव्यात. या पाचही भाषा लॅटिनमधून निघालेल्या असल्यामुळे एका विशेषणावर घेतलेली मेहनत पुढे दुसऱ्या भाषेतही कामी येते. अशा अभ्यासासाठी 'नवा' या अर्थाच्या लॅटिन 'नोवुस' इतके सोयीचे विशेषण मला दुसरे दिसत नाही, कारण ते रोजच्या बोलण्यात सतत लागते आणि मराठी माणसाला ते अर्धे आधीच येत असते.

अर्धे येत असते, याचे कारण ऐतिहासिक आहे. संस्कृतातील 'नव', लॅटिनमधील 'नोवुस', ग्रीकमधील 'नेओस', रशियनमधील 'नोवी', जर्मनमधील 'नॉय' आणि इंग्रजीतील 'न्यू' हे सगळे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत. पारशी मंडळींच्या 'नवरोज'मधला 'नव'ही त्याच कुळातला आहे. मराठीतला 'नवा' संस्कृत-प्राकृतातून आला, या पाच भाषांचा 'नोवुस' लॅटिनमध्ये वाढला. म्हणजे एकाने दुसऱ्याकडून शब्द उसना घेतलेला नसून दोघांचे मूळ घराणे एक आहे. कोकणीतल्या 'नवो'बद्दलही हेच म्हणता येते. तो पोर्तुगीज 'नोवु'शी कितीही जुळत असला तरी पोर्तुगीजांनी आणलेला नाही. इंग्रजीमार्गे आपल्याकडे रुळलेले 'रिनोव्हेशन' आणि 'इनोव्हेशन' हे शब्द मात्र खरोखरच लॅटिन 'नोवुस'पासून निघालेले आहेत.

पहिली पायरी : 'नवीन' बाजूला ठेवावे आणि 'नवा' घ्यावा

आपण बोलताना 'नवीन' हा शब्द फार वापरतो आणि तो कोणत्याही नामापुढे तसाच राहतो : नवीन शर्ट, नवीन गाडी, नवीन घर. या सवयीमुळे परकी भाषा बोलतानाही विशेषण बदलायचे असते याचा विसर पडतो. म्हणून अभ्यासापुरते तरी मनात 'नवीन' न आणता 'नवा, नवी, नवे' आणावे, म्हणजे लिंगाप्रमाणे शेवट बदलण्याची आपल्या भाषेतलीच सवय जागी राहते. लॅटिनमध्ये हीच त्रयी 'नोवुस, नोवा, नोवुम' अशी होती : पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी. हिंदी भाषकाला तिसरे लिंग मुद्दाम समजावून द्यावे लागते; मराठी माणसाला त्याची गरज नाही.

येथे एक विलक्षण साम्य आहे आणि ते सावकाश पाहण्यासारखे आहे. मराठीत 'नवी साडी' हे स्त्रीलिंगी एकवचन आणि 'नवी घरे' हे नपुंसकलिंगी अनेकवचन, परंतु विशेषणाचे रूप दोन्हीकडे एकच. लॅटिनमध्येही स्त्रीलिंगी एकवचन 'नोवा' आणि नपुंसकलिंगी अनेकवचन 'नोवा' अगदी सारखेच दिसत. दोन्ही भाषांत ही रूपे वेगवेगळ्या वाटांनी एकत्र आली आहेत, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम सारखा आहे. लॅटिनमध्ये या सारखेपणाचा पुढे मोठा परिणाम झाला. काही नपुंसकलिंगी नामांची अनेकवचने लोकांच्या तोंडी स्त्रीलिंगी एकवचने म्हणून रुळली. 'फोलिया' म्हणजे 'पाने' हे लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचन होते. आज फ्रेंच 'फय', स्पॅनिश 'ओखा', इटालियन 'फोल्या' आणि पोर्तुगीज 'फोल्या' हे सगळे 'एक पान' या अर्थाचे स्त्रीलिंगी शब्द आहेत.

नपुंसकलिंग स्वतंत्र लिंग म्हणून फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन व पोर्तुगीज या चार भाषांच्या नामांतून गेले. रुमानियनमध्ये एक तिसरा गट टिकून आहे, पण त्यातली नामे एकवचनात पुल्लिंगी रूपे आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी रूपे घेतात.

दुसरी पायरी : लिंग आपल्या मनाने ठरवू नये

आपल्याला लिंगाची सवय आहे याचा एक धोकाही आहे. आपण नकळत मराठी नामाचे लिंग परक्या नामावर लादतो. 'गाडी' आपल्याकडे स्त्रीलिंगी आहे. फ्रेंच 'व्वात्युर' आणि इटालियन 'माक्किना' योगायोगाने स्त्रीलिंगी आहेत, परंतु स्पॅनिश 'कोचे' आणि पोर्तुगीज 'कार्रु' पुल्लिंगी आहेत. 'पुस्तक' फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन व पोर्तुगीज या चारही भाषांत पुल्लिंगी, तर रुमानियनमध्ये 'कार्ते' स्त्रीलिंगी. म्हणून वहीत नाम एकटे कधीच लिहू नये. ते 'नवा' या विशेषणासह लिहावे : स्पॅनिशसाठी 'कोचे नुएवो', 'कासा नुएवा'. नामासोबत उपपद, म्हणजे इंग्रजी 'द'सारखा छोटा शब्द, लिहिण्याचा सल्ला सर्व पाठ्यपुस्तके देतात आणि तो योग्यच आहे, पण फ्रेंच व इटालियनमध्ये स्वरापुढे उपपदाचा स्वर गळून पडतो आणि लिंग झाकले जाते. विशेषण सोबत असले की बहुतेक वेळा ते उघड राहते.

तिसरी पायरी : रूपे ऐकून पाठ करावीत

स्पॅनिशमध्ये नुएवो, नुएवा, नुएवोस, नुएवास अशी चार रूपे आहेत. तेथे 'व'चा उच्चार दात न लावता, मऊ 'ब'कडे झुकणारा होतो. इटालियनमध्ये नुऑवो, नुऑवा, नुऑवी, नुऑवे. या दोन भाषांत अडचण जवळजवळ नाही.

पोर्तुगीजमध्ये लिहिताना सगळे सरळ दिसते, पण बोलताना स्वर बदलतो. पुल्लिंगी एकवचन 'नोवु' यातला ओ मिटलेला असतो, तर स्त्रीलिंगी 'नॉवा', अनेकवचनी 'नॉवुश' आणि 'नॉवश' यांतला ऑ उघडा असतो. हा फरक पोर्तुगीज लिपीत दाखवला जात नाही; देवनागरीत 'ओ' आणि 'ऑ' ही दोन चिन्हे आपल्याकडे असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याने सुरुवातीला उच्चार देवनागरीत टिपून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 'अंडे' या अर्थाचा शब्दही याच चालीने चालतो : एक 'ओवु', अनेक 'ऑवुश'.

अंड्याचा उल्लेख आला आहे तर तो पुढे नेणे उपयोगी ठरेल, कारण लॅटिनमधल्या आघातयुक्त 'ओ'चे प्रत्येक भाषेत काय झाले हे त्यातून एका दमात कळते. अंडे म्हणजे इटालियनमध्ये 'उऑवो', स्पॅनिशमध्ये 'उएवो', फ्रेंचमध्ये 'अफ', पोर्तुगीजमध्ये 'ओवु' आणि रुमानियनमध्ये 'ओउ'. या प्रत्येकापुढे 'न' लावून पाहावा : नुऑवो, नुएवो, नफ, नोवु, नोउ. पाचही भाषांतला 'नवा' तयार होतो. ही जोडी पाठ झाली की 'उए' दिसताच स्पॅनिश आणि 'उऑ' दिसताच इटालियन ओळखण्याची सवय लागते.

रुमानियनमध्ये पुल्लिंगी 'नोउ', स्त्रीलिंगी 'नोवअ' आणि दोन्ही अनेकवचने 'नोय'. 'नोवअ'च्या शेवटचा स्वर लिपीत डोक्यावर छोटी वाटी असलेल्या 'ए' अक्षराने दाखवतात. इतर युरोपीय विद्यार्थी त्याच्याशी झगडतात, पण तो आपल्या 'अ'च्या इतका जवळचा आहे की वेगळा शिकावा लागत नाही. याहून मोठी सवलत पुढे आहे. मराठीत 'नवी साडी', 'नव्या साडीचा काठ' आणि 'नव्या साड्या' अशी रूपे होतात, म्हणजे सामान्यरूप आणि अनेकवचन एकाच 'नव्या'वर येतात. रुमानियन स्त्रीलिंगी विशेषणाचेही असेच आहे : 'कासा नोवअ' म्हणजे नवे घर, 'कासेय नोय' म्हणजे नव्या घराचा, आणि 'कासे नोय' म्हणजे नवी घरे. षष्ठीचे रूप आणि अनेकवचनाचे रूप एकच का, हा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना अडवतो. मराठी विद्यार्थ्याने 'नव्या' आठवावे आणि पुढे जावे.

चौथी पायरी : फ्रेंचमधले दोन 'नवे'

फ्रेंचसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, कारण तेथे लॅटिनमधून 'नवा' दोन वाटांनी आला. 'नोवुस'पासून 'नफ' झाला, ज्याचे स्त्रीलिंग 'नव' असे होते. ते देवनागरीत संस्कृत 'नव'सारखे दिसले तरी त्यातला स्वर ओठ गोल करून उच्चारायचा असतो. दुसरीकडे 'नोवुस'चे लघुत्वदर्शक रूप 'नोवेल्लुस' होते. त्यापासून 'नूवो' हा शब्द आला, आणि जुन्या फ्रेंचमधल्या त्याच्याच रूपातून इंग्रजीला 'नॉव्हेल' हे विशेषण मिळाले. 2020 साली सर्वांच्या कानी पडलेल्या 'नॉव्हेल कोरोना व्हायरस'मधला 'नॉव्हेल' तोच.

'नूवो'ची रूपे अशी चालतात. व्यंजनाने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी नामापूर्वी 'नूवो', स्वराने किंवा अनुच्चारित 'एच'ने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी नामापूर्वी 'नूवेल', आणि स्त्रीलिंगी नामापूर्वीही 'नूवेल'. पुल्लिंगी 'नूवेल' आणि स्त्रीलिंगी 'नूवेल' कानाला एकच लागतात, लिहिताना मात्र पहिल्यात एक 'एल' आणि दुसऱ्यात दोन 'एल' व शेवटी 'ई' येतो. नवा मित्र म्हणजे 'नूवेल आमी' आणि नवी मैत्रीणही 'नूवेल आमी'. फरक फक्त कागदावर आहे. त्यामुळे श्रुतलेखनात येथे हमखास गुण जातात. पुल्लिंगी अनेकवचनाच्या शेवटी 'एक्स' लिहितात, पण उच्चार 'नूवो'च राहतो.

आता अर्थाकडे वळू. 'नफ' म्हणजे कारखान्यातून किंवा दुकानातून आलेला, न वापरलेला. 'नूवो' म्हणजे आधीचा जाऊन आलेला, आपल्यासाठी नवा. मराठीत हा भेद नेमका पकडणारा शब्द आहे : 'नवाकोरा'. 'व्वात्युर नव' म्हणजे नवीकोरी गाडी. 'नूवेल व्वात्युर' म्हणजे आता घेतलेली नवी गाडी, मग ती दहा वर्षे जुनी, दुसऱ्याने वापरलेली असली तरी चालते. खरेदी करताना किंवा भाड्याने घर घेताना या दोन शब्दांत गल्लत झाली तर व्यवहारात खरा घोटाळा होऊ शकतो. नवी वस्ती, नवे गाव, नवा किल्ला अशा जुन्या स्थलनामांत मात्र 'नफ' टिकून आहे. पॅरिसमधला 'पाँ नफ', म्हणजे नवा पूल, 1578 मध्ये बांधायला घेतला गेला आणि 1607 मध्ये पुरा झाला; सीन नदीवर आज उभ्या असलेल्या पॅरिसमधल्या पुलांत तोच सर्वांत जुना आहे.

पाचवी पायरी : विशेषणाची जागा

मराठीत विशेषण नामाच्या आधी येते आणि त्याबद्दल आपण विचारही करत नाही. या भाषांत विशेषण सामान्यतः नामाच्या मागून येते, पण 'नवा' दोन्हीकडे येऊ शकतो आणि जागेनुसार अर्थ सरकतो. फ्रेंचने जो भेद दोन शब्दांवर सोपवला, तोच स्पॅनिश, इटालियन आणि पोर्तुगीज यांनी जागेवर सोपवला आहे. स्पॅनिशमध्ये 'कोचे नुएवो' म्हणजे नवीकोरी गाडी आणि 'नुएवो कोचे' म्हणजे आधीचीच्या जागी आलेली गाडी. इटालियनमध्ये 'माक्किना नुऑवा' आणि 'नुऑवा माक्किना' यांत हाच फरक. नवख्याने एक साधा नियम धरावा : मनात 'नवाकोरा' म्हणता येत असेल तर विशेषण नामानंतर, 'दुसरा' किंवा 'आणखी एक' म्हणता येत असेल तर नामाआधी. रुमानियनमध्ये ते बहुधा नामानंतरच ठेवावे.

विशेषणाची जागा बदलल्याने किती फरक पडतो याचा दाखला गोव्यातच आहे, तोही 'नवा'च्या विरुद्ध अर्थाच्या 'वेल्हा' या शब्दाचा. 'वेल्हा गोवा' म्हणजे बॉम जेझुस बॅसिलिका जेथे आहे ते जुने गोवे, पोर्तुगीजांची पूर्वीची राजधानी. आणि 'गोवा वेल्हा' म्हणजे त्याच तिसवाडी तालुक्यातले, पणजीहून मडगावकडे जाताना लागणारे वेगळेच गाव, जेथे कदंबांच्या काळचे गोपकपट्टण होते. दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि ठिकाणच बदलले. या जुन्या गोव्यासमोर पणजीला 1843 मध्ये शहराचा दर्जा देताना 'नॉवा गोवा' हे नाव दिले गेले. अठराव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली आलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या भागांना 'नॉवश कोंकीश्तश', म्हणजे गोव्याच्या मराठीत 'नव्या काबिजादी', म्हणत. ही दोन नावे शेजारी ठेवली की स्त्रीलिंगी एकवचन आणि स्त्रीलिंगी अनेकवचन दोन्ही कायमचे लक्षात राहतात.

सहावी पायरी : 'नवा' आणि 'नऊ' वेगळे करणे

संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि 'नव' म्हणजे नऊ. म्हणूनच 'नववधू'तला 'नव' वेगळा आणि 'नवग्रह', 'नवरात्र' यांतला 'नव' वेगळा, हे आपण संदर्भाने ओळखतो. लॅटिनमध्येही 'नोवुस' नवा आणि 'नोवेम' नऊ असे शेजारी होते, आणि तिच्या लेकींनी हे शेजारपण जपले आहे. 'नोव्हेंबर' नऊवाल्यांतला : जुन्या रोमन पंचांगात तो नववा महिना होता. फ्रेंचमध्ये 'नफ' हे नवाही आणि नऊही. रुमानियनमध्ये 'नोवअ' म्हणजे नवी, नऊ, शिवाय 'आम्हाला' असाही अर्थ होतो. मी स्वतः फ्रेंच शिकताना 'क्वा द नफ' या प्रश्नात, म्हणजे 'काय नवीन?' या साध्या चौकशीत, कितीतरी दिवस नऊ शोधत असे.

यावर उपाय म्हणून 'नऊ नवी घरे' हे एकच वाक्यखंड रोज मोठ्याने म्हणावे. स्पॅनिशमध्ये 'नुएवे कासास नुएवास', इटालियनमध्ये 'नॉवे कासे नुऑवे', पोर्तुगीजमध्ये 'नॉव काझश नॉवश', फ्रेंचमध्ये 'नफ मेझों नव', रुमानियनमध्ये 'नोवअ कासे नोय'. नऊ कधी बदलत नाही आणि नामाआधी राहतो. नवा बदलतो आणि येथे नामानंतर जातो. लिंग, वचन, जागा आणि हा घोटाळा, या चारही गोष्टींचा सराव तीन शब्दांत होतो. माझ्या मते या लेखातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे.

सातवी पायरी : ठरलेले प्रयोग

रूपे बसली की काही ठरीव प्रयोग उचलावेत. त्यांतला पहिला 'पुन्हा' या अर्थाचा : स्पॅनिश 'दे नुएवो', इटालियन 'दी नुऑवो', पोर्तुगीज 'द नोवु', फ्रेंच 'द नूवो', रुमानियन 'दिन नोउ'. हे विचित्र वाटण्याचे कारण नाही, कारण आपणही 'नव्याने सुरुवात करू' असेच म्हणतो. न्यायालयीन भाषेत 'डी नोव्हो' सुनावणी म्हणतात, तीही नव्याने होणारी सुनावणी. नव्या वर्षासाठी स्पॅनिशमध्ये 'आन्यो नुएवो', पोर्तुगीजमध्ये 'आनु नोवु', रुमानियनमध्ये 'आनुल नोउ', आणि फ्रेंचमध्ये 'नूवेल आं', जेथे वर्ष स्वराने सुरू होत असल्यामुळे 'नूवो'चे 'नूवेल' झाले आहे.

पोर्तुगीजमध्ये 'नोवु'चा अर्थ वयाने लहान असाही होतो. 'इर्मांव माइश नोवु' म्हणजे शब्दशः 'अधिक नवा भाऊ', पण अर्थ धाकटा भाऊ. स्पॅनिशमध्ये असे म्हणू नये, तेथे धाकटेपणासाठी वेगळा शब्द आहे. स्पॅनिशमध्ये याच मुळापासून 'नोवियो' आणि 'नोविया' हे शब्द आले; लग्नाच्या दिवशी वरवधूंना ते लावतात आणि एरवी प्रियकर-प्रेयसीला. मराठीतल्या 'नवरा' या शब्दाची व्युत्पत्ती 'नववर' अशी दिली जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला 'नोवियो' पाठ करावा लागत नाही. इटालियनमध्ये नवविवाहित जोडप्याला 'नोवेल्ली स्पोझी' म्हणतात, म्हणजे फ्रेंच 'नूवो'ची इटालियन बहीण तेथे भेटते.

आठवी पायरी : नावांत शोधणे

शेवटचा सराव पुस्तकाबाहेरचा आहे. नकाशा, वर्तमानपत्र किंवा फुटबॉलच्या संघांची यादी समोर घ्यावी आणि 'नवा' कोठे लपला आहे तो शोधून त्याचे लिंग सांगावे. स्पॅनिश 'वियानुएवा', इटालियन 'विल्लानोवा', पोर्तुगीज 'विला नॉवा' आणि फ्रेंच 'विलनव' ही सगळी आपली 'नवेगाव'च आहेत, फक्त त्यांचे गाव स्त्रीलिंगी आहे. 'नवी दिल्ली' स्पॅनिशमध्ये 'नुएवा देली' आणि इटालियनमध्ये 'नुऑवा देली' होते, स्त्रीलिंगीच. 1572 मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात अचानक प्रकटलेल्या ताऱ्यावर ट्युको ब्राहे या डॅनिश खगोलवेत्त्याने 1573 मध्ये लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात 'नोवा' हे विशेषण 'स्टेला' म्हणजे तारा या स्त्रीलिंगी नामासाठी आले होते. पुढे नाम गळून पडले, विशेषण एकटे उरले, आणि आज आपण ज्याला नवतारा म्हणतो त्याला जगभर 'नोव्हा' म्हणतात. अशी वीस नावे शोधून, प्रत्येकाचे लिंग व वचन वहीत लिहून झाले, की मग 'चांगला' या अर्थाच्या 'बोनुस'कडे वळावे. बॉम जेझुसमधला 'बॉम' त्याचाच वंशज आहे.